मीठ अळणी होते काय?

मागे एका रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायावर आम्ही उपदेश केला. प्रभूने आपल्या शिष्यांस पृथ्वीचे मीठ म्हटले, आणि मिठाचा खारटपणा गेला तर ते बाहेर टाकून तुडविण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचे राहत नाही असा इशारा दिला. तेच तेरावे वचन आमचा विषय होते. उपासना सुटल्यावर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकणारा मंडळीतील एक तरुण दाराशी थांबला व नम्रपणे म्हणाला, "पाळकसाहेब, राग मानू नका, पण मिठाचा खारटपणा जातच नाही. जे खारट नाही ते मीठच नव्हे. मग प्रभूने असे कसे म्हटले?"

आम्हांस तत्काळ उत्तर सुचले नाही. "पुढे बोलू" असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न आम्हांस सोडीना. कारण तो केवळ मिठाचा प्रश्न नाही. जो गुण एखाद्या वस्तूच्या अंगचाच आहे, तो तिला सोडून जाऊ शकतो काय? चांगला म्हणून ओळखला जाणारा मनुष्य निकामी होतो, तेव्हा त्याच्या चांगुलपणाचे काय होते? तो पालटतो, की मुळात नव्हताच? मंडळीत वीस-वीस वर्षे सेवा केलेल्यांस हा प्रश्न लागू आहे, आणि पाळकास सर्वांहून अधिक.

प्रथम त्या तरुणाचे म्हणणे न्यायाने ऐकून घेऊ. मीठ दोन मूलद्रव्यांचे बनलेले आहे. एक सोडियम. ही धातु सुरीने कापता येईल इतकी मऊ असते; पण पाण्यात टाकली तर भडका उडतो, म्हणून तिला रॉकेलात बुडवून ठेवावे लागते. हम्फ्री डेव्ही ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ती इ. स. १८०७ मध्ये प्रथम वेगळी केली. दुसरे मूलद्रव्य क्लोरीन. हा हिरवट पिवळा विषारी वायु शेले नावाच्या शास्त्रज्ञाने इ. स. १७७४ मध्ये शोधून काढिला. गावाच्या विहिरीत जंतु मारण्यासाठी जी पांढरी पूड टाकतात, तिला ह्याचाच उग्र वास येतो, आणि इ. स. १९१५ च्या एप्रिल महिन्यात बेल्जममधील ईप्र गावापाशी हाच वायु सोडून सैनिकांस गुदमरवून मारण्यात आले. शंभर ग्रॅम मिठात सुमारे ३९ ग्रॅम सोडियम व ६१ ग्रॅम क्लोरीन असतो. एक जाळणारे, एक गुदमरविणारे; दोहोंचा संयोग झाला की आपल्या भाकरीवर घ्यावयाचे मीठ होते.

हा संयोग मोठा घट्ट आहे. साखर तव्यावर टाका, ती करपून कोळसा होईल. मिठाला सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले तर ते वितळेल, पण निवाल्यावर पुन्हा मीठच राहील. पाण्यात विरघळवा, पाणी आटवा, तळाशी तेच चौकोनी कण पुन्हा बसतील. तेव्हा तरुणाचे म्हणणे खरे आहे: शुद्ध मीठ अळणी होत नाही.

पण शुद्ध मीठ पूर्वी कोणाच्या घरी होते? उरण-पेणच्या बाजूस खाडीकाठी ज्यांनी मिठागर पाहिले असेल त्यांस हे ठाऊक आहे. भरतीचे पाणी उथळ खाचरांत घेतात व ते उन्हाने आटू देतात. समुद्राच्या एक हजार भाग पाण्यात सुमारे पस्तीस भाग क्षार असतात, पण ते सर्वच मीठ नव्हे. पाणी आटू लागले म्हणजे आधी जिप्सम नावाचा पांढरा क्षार तळाशी बसतो, मग मीठ धरते, आणि शेवटी मॅग्नेशियमच्या क्षारांचे कडू पाणी उरते. ते कडू पाणी वेळेवर सोडून देणे ह्यातच आगऱ्याचे कसब. ते अंगी राहिले तर मीठ कडवट होते व पावसाळ्यात त्यास लवकर पाणी सुटते.

प्रभूच्या देशातील मीठही बहुतेक असेच मिश्र होते. मृत समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार पुष्कळ आहेत, आणि त्याच्या काठच्या सदोम नावाच्या डोंगरातील मिठात जिप्सम व माती मिसळलेली आहे. आता पाहा: एक लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅमहून अधिक मीठ विरघळते, पण जिप्सम अवघे दोन-अडीच ग्रॅम. अशा मिश्र मिठाची रास ओल्या जमिनीवर राहिली, तिजवर पाऊस पडला, की मीठ पाण्याबरोबर निघून जाते आणि जिप्सम व माती मागे राहते. रास ढासळत नाही. रंगही पांढराच राहतो. दुरून पाहणारा तिला मीठच म्हणेल. केवळ जिभेवर ठेविल्यावर कळते की ह्यात आता काही नाही. प्रभूचे बोलणे असे समजावे, असे पुष्कळ विद्वानांचे मत आहे, आणि आम्हांस ते पटते.

वाचकांनी घरी करून पाहावे. थोडे मीठ व तितकीच खडूची पूड एकत्र करून फडक्यात घ्यावी व वरून सावकाश पाणी ओतावे. खाली गळेल ते पाणी खारट, आणि फडक्यात राहील ती पांढरी पूड. मिठाने आपला धर्म सोडला नाही. ते केवळ त्या ठिकाणी राहिले नाही. मूळ ग्रीक भाषेत प्रभूच्या वचनातील क्रियापदाचा अर्थ 'मूर्ख होणे' असाही आहे, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. मूर्ख मनुष्याची आकृति मनुष्याचीच असते.

तर आमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे: चांगुलपणा पालटून वाईट होत नाही, तो गळून जातो आणि त्याचा आकार मागे राहतो. प्रार्थना राहते, पांढरा सदरा राहतो, पहिल्या बाकावरची जागा राहते.

येथे एक गोष्ट सांगणे आम्हांस भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका मागणीच्या बैठकीस आम्ही पाळक ह्या नात्याने हजर होतो. दोन्ही घरे ख्रिस्ती. बोलणे सुरू झाले आणि 'मुलाच्या शिक्षणाचा खर्च' ह्या नावाखाली मोठी रक्कम मागण्यात आली. हुंडा घेणे इ. स. १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि ख्रिस्ती माणसास तो कायदा होण्याआधीही पापच होता, हे आम्हांस ठाऊक होते. मुलीच्या बापाने एकदा आमच्याकडे पाहिले. आम्ही मिठाची गुळणी धरून बसलो. मागणारे गृहस्थ मंडळीस उदार हस्ते देणारे होते; त्यांस दुखवून मंडळीत फूट पडू नये, आपले वजन पुढच्या मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवावे, असा विचार आम्ही केला. बापाने शेताचा तुकडा विकला. बैठकीच्या शेवटी प्रार्थना आम्हीच केली.

त्या तरुणाच्या प्रश्नाने आम्हांस ही बैठक आठवली, आणि आमची चूक कोठे होती हे उमगले. आमटीत पडलेले मीठही नाहीसेच होते. ते कोणास दिसत नाही, पण प्रत्येक घासात असते. राशीतून गळलेले मीठही नाहीसे होते, आणि ते कोणाच्याच तोंडी लागत नाही. विरघळणे मिठाच्या नशिबी दोन्हीकडे आहे. राखून ठेविलेले मीठ टिकते हाच भ्रम आहे. प्रश्न एवढाच की ते अन्नात विरघळावे की जमिनीत. आम्ही आपले वजन राखावयास गेलो, आणि त्याच बैठकीत ते गळून गेले. तेथून पुढे मुलीच्या बापाने आमचा उपदेश कसा ऐकला असेल?

कोणी म्हणेल, प्रत्येक गोष्टीत पाळकाने तोंड घालू नये. अति मीठ कोण खाईल? हे म्हणणे खरे आहे. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाने आपल्या बोलण्यास मिठाची रुचि असावी असे सांगितले. बोलणे मिठाचेच असावे असे सांगितले नाही. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढ मनुष्याने दिवसास ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते. पण थोडे म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. इ. स. १९७१ मध्ये बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस ह्यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी रोग्यांस पाजून पुष्कळांचे प्राण वाचविले. एका लिटरमध्ये मीठ अवघे साडेतीन ग्रॅम होते. चमचाभरही नाही; पण ते नसते तर नुसत्या पाण्याने तो गुण आला नसता. त्या बैठकीत आमच्याकडून व्याख्यानाची अपेक्षा नव्हती. "हे योग्य नाही" एवढे तीनच शब्द पुरे होते.

मग गळून गेलेले मीठ परत येते काय? येथे प्रभूचे वचन कठीण आहे, आणि ते मऊ करण्याचा आम्हांस अधिकार नाही. फडक्यात उरलेली पूड कितीही दिवस ठेवा, ती आपली आपण खारट होणार नाही. पश्चात्ताप म्हणजे पूर्वीच्या चांगुलपणाची आठवण काढीत बसणे नव्हे. मीठ बाहेरूनच यावे लागते. अलीशाने यरीहोचे पाणी बरे करण्यापूर्वी नव्या पात्रात मीठ मागितले, हे दुसऱ्या राजांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पात्रापाशी आपले असे मीठ नव्हते. त्याने फक्त रिकामे व स्वच्छ असावयाचे होते.

आम्ही त्या बापाकडे गेलो आणि त्याची क्षमा मागितली. त्याने चहा दिला. फारसे बोलला नाही. शेत परत आलेले नाही. पुढच्या मागणीच्या बैठकीस मात्र प्रार्थना शेवटी न ठेविता आम्ही ती आरंभीच केली, आणि ती संपताच ते तीन शब्द बोललो. एक गृहस्थ उठून गेले. लग्न झाले.

त्या तरुणास आता उत्तर देण्यास हरकत नाही: बाळा, तुझे रसायनशास्त्र खरे आहे, आणि प्रभूचे वचनही खरे आहे. तू मिठाविषयी विचारलेस. आम्हांस आमच्या राशीविषयी विचारावयास हवे होते. वाचकहो, आपणही आपली रास केवळ डोळ्यांनी पाहू नका. घरातील कोणास तरी ती चाखून पाहावयास सांगा, आणि ते जे सांगतील ते ऐकण्याचे धैर्य देव आपणांस देवो.