पान भरलंच पाहिजे का?

माझा नातू तिसरीत आहे. घरात त्याला सगळे बाबूच म्हणतात. पाच गणितं दिली तर दोन सोडवतो, दहा ओळी दिल्या तर तिसऱ्या ओळीच्या मध्येच अडतो. मग पेन्सिलीला टोक करणं, खोडरबर शोधणं, पाणी पिऊन येणं सुरू होतं. सूनबाई दिवसभर राबून आलेली असते. आधी समजावते, मग ओरडते, मग तिचा हात उठतो. मी मध्ये पडलो की म्हणते, "मामाजी, तुमीच लाडावून ठेवलं त्याले. मारल्याबिगर लिवतच नाही तो. आळशी आहे."

आमचं गाव चोरखमारा फाटकाच्या बाजूला, नागझिऱ्याच्या रानाला लागून. मी वनरक्षक म्हणून निवृत्त झालो. घराणं महानुभाव. तिरोडा तालुक्यातल्या सुकडी-डाकरामला चक्रधर स्वामींचं स्थान आहे, तिथे आमच्या आज्यापासूनचं जाणं-येणं. मांस-दारू घरात नाही, मुंगीवर पाय पडला तरी चुकचुकणारी माणसं आम्ही. त्याच घरात एका न भरलेल्या पानासाठी आठ वर्षांच्या पोराच्या पाठीत धपाटा बसतो, आणि कोणाला त्यात हिंसा दिसत नाही. त्याला आम्ही वळण म्हणतो.

दंड करताना माणूस एक गोष्ट धरून चालतो, की समोरच्याला जमत होतं आणि त्याने मुद्दाम केलं नाही. नोकरीत मला हे रोज ठरवावं लागे. रात्री बैलगाडी घालून सागवान तोडणारा वेगळा आणि डोक्यावर वाळल्या काटक्यांचा भारा घेऊन हद्द चुकलेली म्हातारी वेगळी. दोघांची पावलं जंगलातच उमटलेली असतात. पण गुन्हा लिहिण्याआधी जागेवर जावं लागतं, पाहावं लागतं, विचारावं लागतं, पंच बोलवावे लागतात. बाबूवर आळसाचा गुन्हा आम्ही पंचनाम्यावाचूनच दाखल केला होता. साक्षीदार एकच, अर्धं कोरं पान.

म्हणून मी त्याच्याजवळ बसायला लागलो, काही न बोलता. दिसलं ते असं. मजकूर उतरवताना तो जागा हरवतो. एक शब्द लिहून वर पाहतो आणि खाली आला की कुठल्या ओळीवर होतो ते सापडत नाही. 'घ' आणि 'ध' अदलाबदल होतात, 'ब' आणि 'व'ही. तिसऱ्या ओळीपासून अक्षरं मोठी होत जातात, रेघ सोडतात. तोच धडा तोंडी विचारला तर शेवटापर्यंत सांगतो, वर स्वतःची दोन वाक्यं घालतो. पेन्सिलीला टोक करायला उठतो तेव्हा चेहऱ्यावर चुकारपणा नसतो. सुटका शोधणाऱ्याचा चेहरा मी पुष्कळ पाहिलाय, हा तसा नाही.

मी काही डॉक्टर नाही, तेव्हा याला नाव देणार नाही. पण नाव असू शकतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, आणि त्याखालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेने पहिली पडताळणी करायची असते. त्याआधी, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानेच शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्ही बंद केलं. घरातल्या ओट्यावर ते कलम येत नाही. तिथे धर्मच काय तो येऊ शकतो, आणि आमचा धर्म पोथीबरोबर कापडात गुंडाळून ठेवलेला.

शेजारचे एक गृहस्थ, माणूस वाईट नाही, म्हणाले, "मागच्या जन्माचं असते भाऊ, कोणाच्या नशिबी विद्या नसते." कर्मभोग मीही मानतो. पण कर्माचा सिद्धांत माणसाने स्वतःपुरता वापरायचा असतो, असं माझं ठाम मत झालं आहे. माझ्यावर संकट आलं तर मी म्हणावं, माझंच कुठलं तरी देणं असेल. त्याने अहंकार उतरतो, दुसऱ्याला शिव्या घालणं थांबतं. तेच वाक्य दुसऱ्याच्या लेकराकडे बोट करून म्हटलं की ते हात झटकण्याचं साधन होतं. विद्या नसणं हा त्याचा भोग असेल, तर असं पोर माझ्या दारात येणं हा माझाही भोग आहे, आणि माझ्या वाटचं काम मी अजून केलेलं नाही.

आम्हा महानुभावांना गीता प्रमाण. श्रीकृष्ण आमच्या पंचकृष्णांतला. कर्म करावं, फळावर हक्क सांगू नये, हे आम्ही उठता-बसता एकमेकांना ऐकवतो; पीक बुडालं तर ऐकवतो, बदली झाली तर ऐकवतो. आणि पोराकडून मात्र फळच मागतो. तो किती वेळ बसला, किती झगडला, तिसरी ओळ लिहिताना त्याच्या बोटांना किती घाम आला, हे कोणी विचारत नाही. पान भरलं का, एवढंच. निष्काम कर्माचा उपदेश मोठ्यांसाठी आणि फळाची वसुली लहानांकडून, हा आमचा व्यवहार.

कोणी म्हणेल, गीता तर काम टाकून बसलेल्याला कामाला लावण्यासाठीच सांगितली. खरं आहे, आणि म्हणूनच ती या प्रश्नाला जवळची. धनुष्य खाली ठेवून रथात बसून राहिलेला अर्जुन आणि पेन्सिल खाली ठेवून बसलेला मुलगा यांच्यात मला फार अंतर वाटत नाही. देवाने त्याला सुनावलं, दुबळेपणा म्हणून झिडकारलंसुद्धा. लाड केले नाहीत. पण मग त्याच्या शंका अठरा अध्याय ऐकून घेतल्या, आणि शेवटी सगळ्याचा नीट विचार कर आणि मग वाटेल तसं कर, असं त्याच्यावर सोडलं. सगळं हातात असलेल्याने जबरदस्ती केली नाही. आठ वर्षांच्या पोरावर असं सगळं सोडता येत नाही, हे मला कळतं. पण एखादा अध्याय ऐकून घ्यायला काय हरकत होती?

सूनबाईचा वकील मात्र भक्कम आहे. साने गुरुजी. 'श्यामची आई'तला पोहण्याचा प्रसंग ती मला ऐकवते. श्याम विहिरीला भिऊन लपला, आईने त्याला झोडपून काढलं, तो पोहायला गेला आणि पुढे त्याने त्या माराचे उपकारच मानले. गुरुजींनी हे 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी आयांनी त्याचा आधार घेतला असेल. मी तो प्रसंग पुन्हा वाचला. श्यामला भीती होती. त्या विहिरीत पोहता येणारी माणसं होती, ती त्याला बुडू देणार नव्हती. आईने ढकललं ते एका सांभाळणाऱ्या हाताकडे. मार योग्य होता असं मी तरीही म्हणणार नाही. पण बाबूच्या विहिरीत तर कोणीच उतरलेलं नव्हतं. काठावर उभे राहून आम्ही सगळे ओरडत होतो.

दुसरी एक सोपी वाट मला कोणीकोणी सुचवली. पोरगा रानात हुशार आहे ना, वांदर खोकलं की बिबट का वाघ ते सांगतो, मोहफुलाच्या दिवसांत पहाटे उठून मोठ्यांच्या बरोबरीने टोपली भरतो, मग होऊ द्या गाइड. पर्यटकांसमोर असं कौतुक छान दिसतं. मला ते घातक वाटतं. वाघाने गाय मारली तर 48 तासांच्या आत कळवावं लागतं, पंचनामा होतो, त्यावर पैसे मिळतात. अंगठा उठवणारे किती लोक कागदावर काय लिहिलंय हे न कळता सही झाली म्हणून घरी गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेंदूपत्त्याच्या कार्डावर किती पुडे चढले हे ज्याला वाचता येत नाही, त्याची मजुरी दुसऱ्याच्या इमानावर. लिहिणं-वाचणं हे आमच्याकडे मार्कांसाठी नसतं. म्हणून बाबूला त्यातून सोडवणं ही दया नव्हे.

लीळाचरित्रात सशाची लीळा आहे. शिकारी आणि कुत्री मागे लागलेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपला. शिकारी आले, ससा मागू लागले. स्वामींनी दिला नाही, पण त्यांना शापही दिला नाही. त्यांच्याशी बोलत बसले, एवढे की त्यांनी ती हिंसा सोडली. मग सशाला म्हणाले, आता जा. लहानपणापासून ही लीळा ऐकतोय, पण तिचे हे दोन शेवट अलीकडे मला दिसले. मांडीखालची जागा कायमची नव्हती. आणि शिकाऱ्यांनाही समजावण्याजोगं मानलं होतं. सूनबाई म्हणजे काही शिकारी नव्हे, दिवसाला दोन पाळ्या करणारी आई आहे ती. तिच्यावर डाफरून मी पोराला पदराखाली घेतलं असतं तर घरात दोन गट पडले असते, आणि वही तशीच राहिली असती.

तेव्हा आता आमचं असं चालतं. संध्याकाळचं नामस्मरण झालं की बाबू बसतो. बसायला सुटका नाही. त्या बाबतीत मी सुनेपेक्षा कडक आहे. मोबाइल नाही, उठणं एकदाच. उतरवायच्या मजकुरावर जाड पट्टी ठेवून मी एकेक ओळ उघडतो. शेवटच्या ओळी तो सांगतो, मी लिहितो, आणि मी लिहिलेलं तो वाचून दाखवतो. अर्धा तास झाला की वही बंद, पान भरलेलं असो नसो. खाली मी लिहितो: अर्धा तास बसला होता, एवढं झालं. सही. नोकरीत दैनंदिनी लिहायची सवय होतीच. शाळेतल्या बाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बोलावून घेतलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी पट्टीचा आकार विचारला आणि पडताळणीच्या यादीत त्याचं नाव घातलं.

सूनबाईला हे पटलंय असं नाही. हात उगारणं बंद झालं, एवढं खरं. परवा भाकरी थापता थापता म्हणाली, "घरी तुमी बसता जवळ. परीक्षेत कोन बसनार आहे?"

मी म्हणालो, प्रमाणपत्र मिळालं तर जास्तीचा वेळ मिळतो, लेखनिकही मिळू शकतो.

"आन नाही मिळालं तर?"

तिचा प्रश्न बरोबर होता. पडताळणीचं पत्र अजून आलेलं नाही, आणि तपासणीला गोंदियाला जायचं तर तिची एक दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून मी एकटाच त्याला घेऊन जाईन म्हणालो. ती म्हणाली, "नाही. मी पन येतो. डॉक्टर काय म्हन्ते ते मले आयकाचं आहे."