मान तिरपी धरणारे लेकरू

शास्त्रवाचन : मार्क ८:२२-२६



बेथसैदा येथील आंधळ्याची गोष्ट रविवारच्या शाळेत आपण पुष्कळदा शिकवितो. पण तिच्यातली एक गोष्ट घाईत आपल्या हातून निसटते. प्रभूने त्या मनुष्यावर हात ठेविले आणि काय दिसते हे त्यालाच विचारिले. त्याला माणसे व झाडे यांतला भेद धड कळेना. तरी प्रभूने त्याला दोष दिला नाही. पुन्हा हात ठेविले.

मळमड्डीतील आपल्या वर्गातही असे एखादे लेकरू असू शकेल, ज्याचे डोळे सतत इकडून तिकडे हलतात. डॉक्टर या विकाराला निस्टॅग्मस म्हणतात. पुष्कळदा तो जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतो. असे मूल मान एका बाजूस वळवून फळा वाचते, पुस्तक नाकाशी धरते. आपण लगेच दटावतो, “मान सरळ कर!” पण यांपैकी अनेक मुलांचे डोळे एका ठराविक दिशेस पाहताना सर्वांत कमी हलतात. ती दिशा त्या लेकराने आपली आपण शोधलेली असते. मान सरळ करविली की अक्षरे पुसट होतात. दटावणीच्या भीतीने डोळे अधिकच हलतात.

१९५३ साली न्यूयॉर्कचे केस्टेनबॉम आणि मेलबर्नचे अँडरसन या डॉक्टरांनी यावर शस्त्रक्रिया सुचविल्या. डोळ्यांचे स्नायू सरकवून ती शांत जागा नाकासमोर आणावयाची, म्हणजे मान आपोआप सरळ होते. मुलाची तिरपी मान त्यांनी खोड मानिली नाही. तिच्यावरूनच इलाज ठरविला. शस्त्रक्रियेची गरज प्रत्येकाला नसते. कित्येकांना योग्य चष्म्यानेही लाभ होतो. डोळ्यांचे हलणे मात्र बहुधा समूळ जात नाही. म्हणून कोणी आईबापांना “तुमचा विश्वास कमी पडला” असे म्हणू नये.

शिक्षकहो, अशा मुलाला पुढे, त्याला सोयीच्या बाजूस बसवा. शास्त्राची प्रत त्याला स्वतंत्र द्या. दोघांत एक पुस्तक त्याला जमत नाही. नेत्रतज्ज्ञाला दाखविले नसेल तर आईबापांना तसे सुचवा. हुबळी येथून सुमारे २० किलोमीटरवर आहे. मोठ्या माणसाचे डोळे एकाएकी असे हलू लागले, तर मात्र एक दिवसही दवडू नये. मेंदूचा विकार असू शकतो.

येत्या रविवारी मान सरळ करावयास सांगण्याआधी त्या लेकराजवळ बसू या, आणि प्रभूने विचारिले तसे प्रेमाने विचारू या की, बाळा, तुला कसे नीट दिसते?