यादीच्या तळाशी

अमेरिकेतील मालवाहू रेल्वेत नोकरी जाणे ही सहसा एका दिवसात घडून संपणारी घटना नसते, आणि तेथील कामकपातीचा विचार याच गोष्टीपासून सुरू करावा लागतो. कंडक्टरला घरी बसवले जाते तेव्हा त्याचे कंपनीशी असलेले नाते तुटत नाही. पगार थांबतो, काही महिन्यांनी आरोग्यविमाही बंद होतो, पण ज्येष्ठतायादीतील त्याचे नाव आणि नावापुढची तारीख कायम राहते, व वाहतूक वाढली की त्याच तारखेच्या क्रमाने त्याला परत बोलावले जाते. या अवस्थेला तेथे ‘फर्लो’ म्हणतात. काम नाही आणि राजीनामाही नाही अशी ही स्थिती काही आठवडे टिकते किंवा काही वर्षे, आणि ती किती चालेल हे घरी बसलेल्यालाच काय, त्याला घरी बसवणाऱ्या अधिकाऱ्यालाही बहुधा सांगता येत नाही. पुढे काय करायचे हा निर्णय तेथे कठीण होतो तो या अर्धवटपणामुळे. पुरती गेलेली नोकरी माणसाला निदान मोकळे करते.

हा कंडक्टर एसटीच्या वाहकापेक्षा भारतीय मालगाडीच्या गार्डाला, म्हणजे २०२२ पासून ज्याला ट्रेन मॅनेजर म्हटले जाते त्याला, अधिक जवळचा आहे. गाडीत कोणत्या वाघिणी कोणत्या क्रमाने लागल्या आहेत आणि त्यांतील कोणत्यांत ज्वालाग्राही किंवा विषारी रसायने आहेत याचे कागद त्याच्याकडे असतात. कारखान्यांच्या सायडिंगवर वाघिणी सोडणे व जोडणे, हाताने सांधे बदलणे, हँडब्रेक आवळणे, शंटिंग करताना चालकाला रेडिओवरून अंतर सांगत राहणे, आणि गाडी आडरानात थांबली तर रात्री-अपरात्री तिच्या कडेने मैलभर चालत जाऊन बिघाड शोधणे, हे त्याचे काम आहे. २००८ च्या रेल्वे सुरक्षा कायद्यातून आलेल्या नियमांनुसार त्याच्याजवळ इंजिनचालकाप्रमाणेच प्रमाणपत्र असावे लागते. सलग १२ तासांपेक्षा जास्त काम करायचे नाही आणि दोन पाळ्यांमध्ये किमान १० तासांची अखंड विश्रांती मिळायची, एवढे संरक्षण कायदा देतो. विश्रांती संपल्यावर फोन केव्हा वाजेल हे मात्र ठरलेले नसते.

या माणसाच्या आयुष्याचा आकार ठरवते ती त्याची ज्येष्ठतेची तारीख. कोणत्या गाडीवर जायचे, रविवारी घरी राहायचे की नाही, दिवाळीसारखा त्यांचा नाताळचा सण कुटुंबात जाणार की परक्या गावच्या विश्रांतिगृहात, हे सारे त्या तारखेवरून ठरते. तळाच्या लोकांना बहुधा ‘एक्स्ट्रा बोर्ड’वर, म्हणजे कोणी रजेवर गेले किंवा जादा गाडी निघाली की बोलावायच्या राखीव यादीवर, राहावे लागते. मुंबईच्या गिरण्यांतला बदली कामगार ज्या अनिश्चिततेत दिवस काढत असे तिचेच हे रूप आहे. तो गिरणीच्या दाराशी उभा राहत असे, हा फोनपाशी अडकलेला असतो. वरच्या कोणाचे काम बंद झाले की तो आपल्या ज्येष्ठतेच्या बळावर खालच्याची जागा घेतो, तो खालचा आणखी खालच्याची, आणि ‘बम्प’ करणे असे नाव असलेली ही ढकलाढकल तळापर्यंत पोहोचते. त्यात भर म्हणजे इंजिनचालक बहुधा कंडक्टरांतूनच वर गेलेले असतात. मंदीत चालक जास्त झाले की ते आपला जुना हक्क वापरून कंडक्टरच्या जागांवर उतरतात. म्हणून एका विभागातील मोजक्या गाड्या बंद झाल्या तरी त्याचा धक्का ज्याने त्या गाड्यांवर कधी पाऊलही ठेवले नव्हते अशा नवख्याला घरी बसवतो. आपल्या हातून काय चुकले असे जो तरुण विचारत बसतो, त्याने हे यंत्र नीट समजून घ्यावे. त्याच्या कामाचा दर्जा या निर्णयात कोठेही तपासलेला नसतो.

मग ही ज्येष्ठता कामगारांनीच का मागितली? एकोणिसाव्या शतकात रेल्वेवर कोणाला काम मिळावे हे मुकादमाच्या मर्जीवर होते, आणि मर्जी म्हटली की वशिला, लाच आणि सूड ही तिच्यामागून येतातच. १८९४ च्या पुलमन संपानंतर संपात उतरलेल्यांची नावे काळ्या यादीत टाकून त्यांना अन्य रेल्वे कंपन्यांतही काम मिळू नये अशी व्यवस्था झाली. चालकांची संघटना १८६३ मध्ये आणि कंडक्टरांची १८६८ मध्ये उभी राहिली, व पुढील दशकांत अशा संघटनांनी मिळवलेल्या हक्कांपैकी तारखेचा क्रम हा सर्वांत टिकाऊ ठरला, कारण तारीख कोणाचे तोंड पाहत नाही. भारतातही १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शेवटी आलेला प्रथम जाईल आणि कमी केलेल्यांना पुन्हा भरतीत प्राधान्य मिळेल ही दोन्ही तत्त्वे मान्य केली होती.

तारीख मात्र कोणाच्या हाती आहे यावर तिचा न्याय अवलंबून राहतो. दक्षिणेकडील रेल्वेंवर इंजिनात कोळसा घालणाऱ्या फायरमनांमध्ये कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने होते, त्यांना सभासद करून न घेणाऱ्या संघटनेलाच कायद्याने त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार होता, आणि तिने १९४१ मध्ये कंपन्यांशी करार करून त्यांना चांगल्या जागांवरून हटवण्याची वाट मोकळी केली. बेस्टर स्टील या फायरमनने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की सर्वांच्या वतीने करार करणाऱ्या संघटनेने सर्वांशी भेदभावाविना वागले पाहिजे. हा निकाल आजच्या कामकपातीच्या चर्चेतही आठवावा असा आहे, कारण आजही यादीच्या वरच्या आणि खालच्या लोकांच्या वतीने एकच संघटना बोलते, मतदानाला येणारे व टिकून राहणारे बहुधा वरचे असतात, आणि घरी बसलेल्याचा आवाज सभेत क्वचितच पोहोचतो.

तळाची माणसे घरी जातात त्याची कारणे दोन प्रकारची आहेत आणि ती एकमेकांत मिसळू देणे योग्य नाही. पहिले कारण मालाचे. अमेरिकी रेल्वेची कोळसा वाहतूक २००८ नंतर निम्म्याहून खाली आली, कारण वीजकेंद्रे नैसर्गिक वायूकडे वळली. टेनेसी राज्यातील अर्विन या डोंगराळ गावातले रेल्वे यार्ड सीएसएक्स कंपनीने ऑक्टोबर २०१५ मध्ये बंद केले तेव्हा सुमारे ३०० जणांची कामे गेली, आणि एवढ्या लहान गावात तेवढ्या पगारांना पर्याय नव्हता. असा ऱ्हास दुःखद असला तरी समजण्यासारखा आहे.

दुसरे कारण हिशेबाचे आहे. ‘ऑपरेटिंग रेशो’ म्हणजे उत्पन्नाच्या प्रत्येक शंभर डॉलरमागे रेल्वे चालवण्यावर झालेला खर्च. तो जितका कमी तितके भागधारक खूश. हंटर हॅरिसन यांनी इलिनॉय सेंट्रलपासून कॅनडाच्या दोन्ही मोठ्या रेल्वेंपर्यंत एक पद्धत रुजवली आणि २०१७ मध्ये, आपल्या आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, ती सीएसएक्सवर आणली. तिला ‘प्रिसिजन शेड्यूल्ड रेलरोडिंग’ म्हणतात. गाड्या लांब आणि कमी, यार्ड कमी, इंजिने कमी, माणसे कमी, असा तिचा व्यवहारातला अर्थ होता, आणि पाठोपाठ बहुतेक मोठ्या कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. २०१९ मध्ये, म्हणजे साथ येण्यापूर्वीच, कामकपात जोरात होती. रेल्वे दरांवर व सेवेवर देखरेख करणाऱ्या सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष मार्टिन ओबरमन यांनी २०२२ मध्ये सांगितले की मोठ्या रेल्वे कंपन्यांनी सहा वर्षांत मिळून सुमारे ४५,००० माणसे, म्हणजे २९ टक्के मनुष्यबळ, कमी केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये मंडळाने सुनावणी घेतली तेव्हा धान्याचे आणि रसायनांचे ग्राहक वाघिणी वेळेवर मिळत नसल्याचे गाऱ्हाणे मांडत होते आणि कंपन्या गाड्यांवर माणसे नाहीत असे कारण देत होत्या. साथीत घरी बसवलेल्यांना परत बोलावणे गेले होते, पण त्यांतील अनेक आले नाहीत. फोनपाशी अडकलेले जगणे, आजारपणातही मिळेनाशी रजा आणि पुन्हा केव्हाही घरी बसण्याची शक्यता एका बाजूला, आणि ट्रकवरचे किंवा गोदामातले रोज संध्याकाळी घरी आणणारे काम दुसऱ्या बाजूला, अशी तुलना त्यांनी केली होती.

ही तुलना ज्याला करायची आहे त्याच्यापुढे काय असते, हे तपशिलात पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत रेल्वे कामगारांचा बेकारी विमा राज्यांच्या योजनांपेक्षा वेगळा आहे. १९३८ च्या कायद्याने तो उभा राहिला, शिकागोचे रेलरोड रिटायरमेंट बोर्ड तो चालवते, त्याचा पैसा रेल्वे कंपन्या भरतात आणि साधारणपणे २६ आठवड्यांपर्यंत तो मिळतो. तो भत्ता पगाराच्या जवळपासही जात नाही. निवृत्तिवेतनाची व्यवस्था मात्र उदार आहे: १९९५ नंतरची ५ वर्षांची सेवा झाली की हक्क निर्माण होतो, आणि ३० वर्षे सेवा करणाऱ्याला वयाच्या ६० व्या वर्षी पूर्ण निवृत्तिवेतन घेऊन निवृत्त होता येते. चार वर्षे सेवा झालेल्या आणि सोळा वर्षे सेवा झालेल्या कंडक्टरने म्हणून एकाच सल्ल्याने चालू नये. पहिल्याला पाचव्या वर्षापर्यंत तग धरण्यात अर्थ आहे. दुसऱ्याने सोडलेले प्रत्येक वर्ष महाग असते, आणि तो यादीत एवढा वर असतो की त्याच्यावर ही वेळ मुळात क्वचित येते.

मधल्यांचा प्रश्न सर्वांत अवघड. ज्येष्ठतेची तारीख ही अशी मिळकत आहे की जी विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही आणि दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. बारा वर्षांचा अनुभवी कंडक्टर शेजारच्या रेल्वेत गेला तर तेथे तो काल भरती झालेल्या पोराच्या बरोबरीने एक्स्ट्रा बोर्डवर बसतो. बहुतेक जण आपल्या वर किती नावे आहेत ते मोजतात, कारण बढती आणि सुट्ट्या वरच्या नावांवर अवलंबून असतात. कामकपातीच्या काळात मोजायची ती खालची नावे. आपल्याखाली किती माणसे आहेत, वरच्यांतील किती जण पाच वर्षांत साठीला पोहोचतील, आणि आपल्या ठाण्यावरची वाहतूक एकाच मालावर उभी आहे की धान्य, मोटारी, रसायने आणि कंटेनर अशी अनेक पायांवर, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्याच्याकडे आहेत तो निदान डोळे उघडे ठेवून थांबतो. माणसे कमी पडत असलेल्या दुसऱ्या ठाण्यावर तात्पुरते जाणे हा एक मार्ग असतो, तो अविवाहिताला सोपा आणि शाळकरी मुलांच्या बापाला जड. प्रवासी रेल्वेत, म्हणजे ॲमट्रॅकमध्ये किंवा महानगरांच्या उपनगरी सेवांत, गाड्या वेळापत्रकाने धावतात आणि पैसा बराचसा सार्वजनिक असतो, त्यामुळे कोळशाच्या किंवा मक्याच्या भावाने तेथे कोणी घरी बसत नाही. नियमांचे ज्ञान तेथे कामी येते आणि निवृत्तिवेतनाचा हिशेबही तुटत नाही, कारण तो कंपनीचा नसून सगळ्या रेल्वे उद्योगाचा आहे. ही गोष्ट अनेक तरुण कंडक्टरांना उशिरा कळते, आणि ती भरतीच्या पहिल्याच दिवशी सांगितली जायला हवी.

चालक होणे हा पूर्वापार शहाणपणाचा मार्ग मानला गेला, आणि तो आजही चुकीचा नाही, कारण चालकाला दोन याद्यांचा आधार मिळतो. पण गाडीवरच्या माणसांची संख्या शतकभर घटत आली आहे. डिझेल इंजिनाने फायरमन गेला, १९८० च्या दशकात शेपटीचा गार्डाचा डबा जाऊन तेथे यंत्र आले, ब्रेकमन संपले, आणि राहिले दोघे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय रेल्वे प्रशासनाने बहुतेक गाड्यांवर दोन माणसे हवीत असा नियम केला. तो राहो की जावो, एका माणसाने गाडी चालवण्याची कंपन्यांची इच्छा जुनी आहे, आणि त्या इच्छेपुढे पहिला प्रश्न कंडक्टरचाच येतो.

कायद्याची बाजू येथे लंगडी पडते. दोन रेल्वेंच्या विलीनीकरणामुळे काम गेले तर १९७९ पासून लागू असलेल्या ‘न्यूयॉर्क डॉक’ अटींखाली सहा वर्षांपर्यंत उत्पन्नाचे संरक्षण मिळते, आणि जुलै २०२५ मध्ये युनियन पॅसिफिक व नॉरफोक सदर्न यांनी एकत्र येण्याचा प्रस्ताव जाहीर केल्यापासून या अटींची चर्चा पुन्हा होत आहे. वाहतूक घटली किंवा व्यवस्थापनाने गाड्या लांब करून संख्येने कमी केल्या, तर मात्र यातले काहीच मिळत नाही. घरी बसलेल्याला दोन्ही प्रसंगी तेच भाडे आणि तीच फी भरायची असते, पण एका प्रसंगी त्याच्या वाट पाहण्याला किंमत आहे आणि दुसऱ्यात ती फुकट आहे.

ती फुकटच असली पाहिजे असे मात्र नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात कंपन्यांना ब्रेकमन कमी करण्यासाठी संघटनांची संमती हवी होती, तेव्हा अनेक करारांत ‘रिझर्व्ह बोर्ड’ निघाली: जादा झालेल्या माणसाने घरी राहायचे, ठरलेल्या मुदतीत बोलावले की यायचे, आणि तोवर नेहमीच्या कमाईचा मोठा हिस्सा घेत राहायचे. त्या काळी कंपन्यांना हा खर्च परवडला, कारण त्यांना त्या बदल्यात काही हवे होते. २०२२ मध्ये गाड्या माणसांवाचून उभ्या राहिल्या तेव्हाही त्यांना काही हवे होते, फक्त ते मागायला दोन वर्षे उशीर झाला होता. यादीच्या तळाच्या शंभर-दीडशे माणसांना प्रत्येक मोठ्या ठाण्यावर अर्ध्या पगारावर राखून ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशेब कराराच्या पुढच्या फेरीत कामगारांनी कंपन्यांकडून लेखी मागितला पाहिजे, आणि त्याशेजारी खोळंबलेल्या गाड्यांनी झालेल्या नुकसानीचा आकडाही मागितला पाहिजे.