ताट आणि पाटी

आमच्या गावात मशिदीच्या ओसरीवर सकाळी अरबी शिकवायचे. दिवस उगवायला पोरं टोपी घालून, कायदा छातीशी धरून जायची. दहाच्या ठोक्याला टोपी खिशात, पाटी पिशवीत, अन् तीच पोरं आमच्याबरोबर मराठी शाळेत. हा मकतब. आमचा देवळात हरिपाठ चाले, त्यांचं हे. दोन्हीकडं आधी पाठांतर, अर्थ पुढं कधीतरी.

मदरसा वेगळा. तिथं पोरगं राहायलाच जातं. शेजारचा माझा दोस्त गणितात माझ्या पुढं. चौथी झाली अन् त्याचा बाप वारला. मामानं त्याला लांबच्या मदरशात नेऊन ठेवलं. राहणं-जेवण फुकट. काही वर्षांनी कुराणाचे तीसही पारे तोंडपाठ करून, हाफिज होऊन तो परतला. मोहल्ल्यानं हार घातले.

आता तो जवळच्याच गावात इमाम आहे. उर्दू सुरेख लिहितो. पण बँकेचा कागद आला की माझ्याकडं येतो. एकदा मी बोलून गेलो, "लेका, तुझं गणित मदरशानं वाया घालवलं बघ."

तो हसला नाही. "शाळा उघडीच होती रे. पण चुलीवर काही नव्हतं. शाळेनं पाटी दिली, ताट कुठं दिलं? ज्यानं ताट दिलं, त्यानं शिकवलं ते शिकलो."

मी गप्प. शाळेत शिजवलेलं अन्न द्या, हा सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम 2001 सालचा. तोवर आमचं बालपण कधीच सरलं होतं. मुसलमानांची सगळी पोरं मदरशातच जातात, असं पारावर आजही ऐकतो. 2006 च्या सच्चर अहवालात मात्र हे प्रमाण चार टक्क्यांच्याही आत आहे.

तरी प्रश्न उरतोच. जेवू घालणाऱ्यानं लेकराचं आयुष्यही ठरवावं का? मला नाही पटत. त्यालाही पटत नसावं. त्याची पोरगी सकाळी अरबी शिकते आणि दहाला झेडपीच्या शाळेत जाते.

पण मदरशाला बोल लावताना एक गोष्ट मला आडवी येते. त्याचा बाप गेला त्या साली आमच्या माजघरात ज्वारीची कणगी गळ्यापर्यंत भरलेली होती. मधे एक भिंत. पोरगं कुठं चाललंय, हे आमच्या घरातल्या कुणीच विचारलं नाही.