ग्रहण, कॅमेरा आणि गोपींच्या पापण्या



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ८२.

सूर्यग्रहण जवळ आलं की एक प्रश्न हमखास येतो. "ग्रहणाचे फोटो काढलेले चालतात का? आजी नको म्हणते." विचारणारी मुलं पुण्या-मुंबईत नोकरीला, आणि आजी आपली बीड, केज, गेवराईकडची. मग कुणी शास्त्राच्या नावाने भीती घालतं, कुणी विज्ञानाच्या नावाने आजीची टिंगल करतं. दोघांनीही भागवत उघडलेलं नसतं. आजचा अध्याय तर सूर्यग्रहणानेच सुरू होतो, तेव्हा तिथंच पाहू.

कल्पाच्या शेवटी व्हावं तसं मोठं खग्रास ग्रहण होणार होतं. शुकाचार्य सांगतात की लोकांना ते आधीच समजलं होतं. आधीच! म्हणजे कुणीतरी गणित मांडलं होतं. आणि कळल्यावर लोक दारं लावून बसले नाहीत, तर देशोदेशीहून निघून कुरुक्षेत्राजवळ समंतपंचकाला आले. द्वारकेहून यादव आले. नगराच्या रक्षणासाठी अनिरुद्ध, कृतवर्मा अशी मंडळी तेवढी मागे राहिली. सगळ्यांनी उपवास केला, परशुरामाच्या डोहांत स्नान केलं, दान दिलं.

म्हणजे आजीचा उपवास, स्नान, दान हे सगळं या अध्यायात आहे. "दे दान, सुटे गिऱ्हाण" ही हाक ऐकून तिचा हात धान्याच्या डब्याकडे जातो, तो उगाच नाही. पण भीती मात्र या अध्यायात कुठंच नाही. पोटुशी सुनेला तासन्‌तास उपाशी, न हलता बसवून ठेवायला इथं अजिबात आधार नाही. तिला वेळेवर जेवू घाला आणि आजीला हे नीट, प्रेमाने सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर लेख पाठवून नव्हे, शेजारी बसून.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. आपल्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे, वेध. ग्रहणाआधी पाळतात ते वेध. आकाशातल्या ग्रहताऱ्यांचे घेतात तेही वेधच, म्हणून तर वेधशाळा. आणि आषाढ आला की वारकऱ्याला पंढरीचे लागतात तेही वेध. पाळणं, निरखणं आणि ओढ लागणं, तिन्हीला एकच शब्द. हौशी फोटोग्राफर ग्रहणाची तयारी कशी करतो ते बघा, तिन्ही वेध एकाच माणसात दिसतील.

फार लांब जायला नको. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरली आणि ईशान्येकडे गेली. करमाळा तालुक्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला दुर्बिणी घेऊन बसले होते. तिकडे वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी मंडळींच्या संस्थेचा तळ पडला होता. जेऊर आणि तळणी नकाशावर रेघेने जोडा, ती आपल्या बीड जिल्ह्यावरूनच जाते. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, आणि मुंबई-पुण्याकडे प्लेगचे दिवस होते. तशातही ही माणसं जहाजं, आगगाड्या आणि काचेच्या प्लेटा सांभाळत आली. पूर्ण झाकलेला सूर्य मिळणार होता तो जेमतेम दोन मिनिटं!

तळणीच्या तळावर अ‍ॅनी मॉन्डर होत्या. गणितात हुशार. ग्रिनिचच्या वेधशाळेत काम केलेल्या, पण १८९५ मध्ये लग्न झाल्यावर त्यांना ती नोकरी सोडावी लागली. म्हणजे भारतात आल्या तेव्हा त्या हौशीच. त्यांच्याकडे स्वतःचा कॅमेरा होता, भिंग फक्त दीड इंचाचं. त्या एवढ्याशा भिंगातून त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळाचा एक किरण टिपला. त्याची लांबी सुमारे साठ लाख मैल भरली. तोवर इतका लांब किरण कुणाच्याच फोटोत आला नव्हता.

प्रभामंडळ ग्रहणाच्या दिवशी नव्याने उगवत नाही. ते रोज असतं, डोक्यावर असतं. सूर्याच्या झगमगाटापुढे ते दिसत नाही, एवढंच. चंद्र मध्ये आला की दोन मिनिटं दिसतं. या अध्यायातही असंच काहीसं घडतं. कृष्ण आता द्वारकेचा मोठा माणूस आहे, भोवती राजे, राण्या, पुत्र, सेना. त्या सगळ्या झगमगाटातून बाजूला होऊन तो गोपींना एकांतात भेटतो. हसत विचारतो की आमची आठवण येते का, की आम्हाला कृतघ्न समजता?

आणि गोपी? पूर्वी त्याला पाहताना पापणी लवली तरी पापण्या घडवणाऱ्यालाच त्या दूषण द्यायच्या. मध्येच अंधार कशाला केलास म्हणून! कॅमेऱ्याच्या शटरवर चिडणारा फोटोग्राफर मला इथं नेहमी आठवतो. आता इतक्या वर्षांनी तो समोर आल्यावर त्यांनी त्याला डोळ्यांवाटे आत नेलं आणि आतच मिठी मारली. शेवटी मागणं काय, तर घरच्या कामाधामात असतानाही तुझी पावलं मनात उमटत राहोत. गोपी परत गोकुळातच जाणार होत्या. चूल, गुरं, ताक यांच्यातच राहणार होत्या. त्यांना माहीत होतं की भेट थोडी आहे.

म्हणून फोटो काढायला माझी काहीच हरकत नाही, उलट काढाच. फक्त नियम पाळा, तेही वेधच आहेत. सौर फिल्टर कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायचा, डोळ्याकडच्या बाजूला नाही. चांगला फिल्टर प्रकाशाचा साधारण लाखातला एक भाग आत सोडतो, यावरून सूर्य काय चीज आहे ते समजा. एक्स-रेची फिल्म, सीडी, काजळी धरलेली काच यांतलं काहीही चालत नाही. डोळ्याचा पडदा जळताना दुखत नाही, आणि जळला की परत येत नाही. अकराव्या अध्यायात भगवंत अर्जुनाला आधी सांगतात की या डोळ्यांनी तुला मला पाहता येणार नाही, मग दृष्टी देतात आणि मगच रूप दाखवतात. फिल्टर म्हणजे दिव्यचक्षू नव्हे, उगाच ताणू नका. पण क्रम लक्षात घ्या.

२५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, महाराष्ट्रात सूर्य ग्रहणातच मावळला. आता भारतातून दिसणारं पुढचं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे. सोमवार, आषाढ अमावास्या, आपली दिव्यांची अवस. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, आपल्याकडे खंडग्रास, दुपार टळल्यावर पश्चिमेला. पावसाळा आहे, ढग येतील. आभाळ उघडलं तर मांजरसुंब्याच्या घाटमाथ्यावरून पश्चिम मोकळी दिसते. न उघडलं तरी नामाला ढग आडवे येत नाहीत. फिल्टर नसेल तर पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि उन्हाकडे पाठ करून आजीला कागदावर सूर्याची कोर दाखवा. तिला आवडेल. वर बघायचंच नाही, त्यामुळे तिचा नियमही मोडत नाही.

उद्या अध्याय ८३. द्रौपदी कृष्णाच्या राण्यांना विचारते, तुमची लग्नं कशी झाली? गंमत आहे, वाचून या.

राम कृष्ण हरी.