कंपायलर नसलेली भाषा

प्रोग्रॅमरला वाटतं, आपल्याला चार भाषा येतात, पाचवी काय अवघड! त्या चार भाषांत आजवर त्याला कोणी ‘जेवलास का’ असं विचारलेलं नसतं.

सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाणकात राखीव शब्द ३२. जपान सरकारच्या २०१० च्या यादीत नित्याच्या वापरातली कांजी अक्षरं २१३६. पुण्यातला प्रोग्रॅमर हा हिशेब पाहतो आणि तरीही जपानीच्या वर्गात नाव घालतो. कारणं सांगायला नकोत. ऑनसाइट हा शब्द पुरे.

सुरुवातीचे दिवस मजेचे जातात. ठळक अनियमित क्रियापदं दोनच, ‘सुरु’ आणि ‘कुरु’, म्हणजे करणे आणि येणे. नामाला मागून प्रत्यय लागतो, क्रियापद शेवटी बसतं, नकार त्याच्याही शेपटीला. त्याला वाटतं, आपलं डोकं तर्कशुद्ध, म्हणून भराभर जमतंय. श्रेय त्याच्या आईचं आहे. ‘मी भात खात नाही’ या वाक्याची चाल तिने त्याला कधीच देऊन ठेवली आहे. जावा इथे कामाला आलेली नाही.

मग तो शिकण्याची हत्यारं जुळवू लागतो. मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. २००६ साली आलेलं ‘आंकी’ हे शब्दपत्त्यांचं अ‍ॅप त्या विसरण्याच्या बेतात पत्ता पुन्हा समोर आणून ठेवतं. वस्तू उत्तम. पण प्रोग्रॅमर आधी पत्त्यांची रचना बदलतो, मग शब्द आपोआप भरणारी स्क्रिप्ट लिहितो, मग ती स्क्रिप्ट सुधारतो. रविवार सत्कारणी लागतो. शब्द स्क्रिप्टला पाठ होतात.

पहिली खरी ठेच आदराला लागते. ‘ताबेरु’, ‘ताबेमासु’, ‘मेशिआगारु’: तिन्हींचा अर्थ खाणे. तो विचारतो, यातलं बरोबर कोणतं? बाई म्हणतात, समोर कोण आहे? ‘बस’, ‘बसा’, ‘बसावं’ यांत वाढलेल्या माणसाला एवढं उमजतं. पुढचं उमजत नाही. ग्राहकाचा फोन येतो, साहेब जागेवर नाहीत. मराठी तोंडातून ‘साहेब बाहेर गेलेत’ असंच निघणार. जपानी ऑफिसात मात्र बाहेरच्या माणसाशी बोलताना आपल्याच साहेबांच्या नावापुढचा आदराचा ‘सान’ काढायचा, क्रियापदही नम्रतेचं लावायचं, कारण त्या घडीला साहेब ‘आपले’ असतात आणि मान समोरच्याचा. फोन ठेवला, साहेब परत आले, की ‘सान’ही परत. कोड कोण वाचतो आहे यावर त्याचं चालणं ठरत नाही. इथे वाक्य कोणापुढे उच्चारलं, यावर ते बरोबर की चूक हे ठरतं. आणि इथे मराठीही हात सोडते.

दुसरी ठेच अर्धवट वाक्याची. कंस उघडा राहिला तर प्रोग्रॅम चालत नाही. जपानी सहकाऱ्याला शनिवारी बोलावलं तर तो ‘शनिवार जरा...’ एवढंच म्हणतो आणि थांबतो. उत्तर मिळालेलं असतं. पुढचं वाक्य ऐकायला ताटकळणारा माणूस अडाणी ठरतो. (आपलं ‘बघतो, कळवतो’ याच कुळीचं. पण आपण निदान क्रियापद तरी देतो.)

या दोन्हींपेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे. चुकलं की त्याला कोणी सांगत नाही.

यंत्राने त्याला एका बाबतीत लाडावून ठेवलं आहे: अर्धविराम सुटला तरी ते ओळ क्रमांकासह तक्रार करतं. माणूस तसं करत नाही. समोरचा चुकीचा प्रत्यय मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो, अर्थ लावतो, आणि वर हसून म्हणतो, तुमचं जपानी छान आहे. ही शाबासकी दोन वाक्यं बोलणाऱ्यालाही मिळते. ऐकणारा निम्मं काम स्वतः करतो म्हणून माणसांची भाषा चालते, आणि त्याच कारणाने शिकणारा वर्षानुवर्षं त्याच चुका सुखाने करत राहतो. सौजन्याइतका वाईट शिक्षक नाही.

मग तो परीक्षेकडे वळतो. निदान तिथे तरी बरोबर-चूक असं काही असतं. जपानी भाषेची ही परीक्षा, जेएलपीटी, १९८४ पासून होते. २०१० पासून तिच्या पाच पायऱ्या आहेत, एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत. पुण्यातही तिचं केंद्र आहे. शब्द, व्याकरण, वाचन, श्रवण, सगळं पर्यायांतून निवडायचं. प्रोग्रॅमर पास होतो, चांगल्या गुणांनी होतो, आणि प्रमाणपत्र बायोडेटात वरच्या ओळीत चढतं. बोलण्याचा पेपर या परीक्षेत नाही. सर्वांत वरच्या एन-वनलाही नाही.