अस्सल पाठ आणि संपादकाचे उत्तरदायित्व

कवीच्या पश्चात त्याच्या कवितेवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न सामान्यतः कायद्याच्या कक्षेत ढकलला जातो. परंतु कवीने स्वतः ग्रंथ सिद्ध केलेला नसतो, हस्तलिखिते विखुरलेली असतात आणि त्यांचा पाठ कोणी परकाच ठरवतो, तेव्हा हा प्रश्न मूलतः नैतिक होतो. संहितासमीक्षेला आपण तंत्र मानतो. कोणता पाठ प्राचीन, कोणता भ्रष्ट, कोणता क्षेपक, एवढ्यावर तिचे काम संपते असे समजतो. प्रत्यक्षात यातील प्रत्येक निर्णय कोणाला तरी काही देतो आणि कोणाकडून तरी काही काढून घेतो. प्रस्तुत लेखात हा प्रश्न ठाण्यातील एका संपादकाच्या कार्याच्या आधारे तपासायचा आहे.

तुलनेसाठी आधी आर्त्युर रँबोचे उदाहरण घेऊ. जून १८७१ मध्ये सोळा वर्षांच्या रँबोने पॉल देमनीला पत्र लिहून, पूर्वी दिलेल्या सर्व कविता जाळून टाकण्यास सांगितले. देमनीने त्या जाळल्या नाहीत. म्हणून त्या आज उपलब्ध आहेत. १८७३ साली ब्रुसेल्समध्ये छापलेले ‘नरकातील एक ऋतू’ हे पुस्तक कवीने स्वतः जाळले अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. वस्तुतः मुद्रकाचे पैसे न चुकवल्यामुळे गठ्ठे त्याच्याकडेच पडून होते व ते १९०१ साली सापडले. ‘इल्युमिनेशन्स’ १८८६ मध्ये ‘ला व्होग’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले तेव्हा कवी आफ्रिकेत होता आणि त्याची संमती कोणी घेतलेली नव्हती. सुट्या पानांचा क्रम त्याचा की फेलिक्स फेनेआँचा, यावर अभ्यासकांत अजूनही मतभेद आहेत. आधुनिक युरोपीय कवितेचा एक आधारस्तंभ मानले जाणारे हे लेखन अशा रीतीने अवज्ञा, अनास्था आणि परक्यांचे निर्णय यांतून आपल्यापर्यंत पोहोचले आहे.

तुकारामांच्या गाथेचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. येथेही आरंभी नाशाचीच कथा आहे. परंपरेनुसार वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. रँबोची आख्यायिका कवीचा अभिमान सांगते, देहूची आख्यायिका कवितेचे प्रामाण्य सांगते. परंतु कवितेचे जगणे केवळ कवीच्या हाती नसते, हे दोन्ही कथांना मान्य आहे. मुद्रित गाथेचा पायाभूत टप्पा म्हणजे सरकारी साहाय्याने १८६९ ते १८७३ या काळात इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेली, विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांची आवृत्ती. अनेक हस्तलिखिते ताडून तयार झालेल्या या गाथेत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत.

याच गाथेसमोर ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे यांनी १९१९-२० च्या सुमारास ‘तुकारामबुवांचा अस्सल गाथा’ ठेवला. भावे (१८७१-१९२६) हे ‘महाराष्ट्र सारस्वत’चे कर्ते आणि १८९३ साली ठाण्यात सुरू झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. प्राचीन कविता छापून लोकांपुढे आणणे हे त्यांचे जीवितकार्यच होते. तुकारामांचे सहचर व लेखनिक मानले गेलेले संताजी तेली जगनाडे यांच्या वह्या हा त्यांच्या गाथेचा आधार. त्यांतील अभंगांची संख्या सुमारे तेराशे.

‘अस्सल’ या शब्दात दोन वेगळे दावे एकत्र आले आहेत. कवीच्या निकटवर्तीयाच्या वहीत अभंग असणे हा त्याच्या कर्तृत्वाचा भक्कम पुरावा आहे, हा पहिला दावा. या वहीत नसलेला अभंग संशयास्पद आहे, हा दुसरा. पहिल्यातून दुसरा निष्पन्न होत नाही. लेखनिकाने सर्व काही टिपले असेलच असे नाही. त्याच्या अनुपस्थितीत रचलेले, अन्य टाळकऱ्यांनी लिहून घेतलेले अभंग असू शकतात. अस्तित्व हा जितका बळकट पुरावा, तितकाच अभाव दुर्बळ. तरीही ‘अस्सल’ हे विशेषण मुखपृष्ठावर आले की उरलेले सारे अभंग न बोलता ‘नक्कल’ ठरतात. पिढ्यान्‌पिढ्या वारकऱ्याने ज्या अभंगाच्या आधारे दुःख सोसले, तो त्याच्या हातून काढून घेण्याचा अधिकार एका वहीच्या मौनाला द्यायचा काय?

यावर असा आक्षेप येईल की भावनेने कर्तृत्व सिद्ध होत नाही. आक्षेप योग्य आहे. १९४९ मध्ये ‘ला शास स्पिरित्युएल’ या नावाने रँबोची हरवलेली रचना म्हणून जे प्रसिद्ध झाले, ते बनावट असल्याचे आंद्रे ब्रतोंने तत्काळ सांगितले आणि पुढे ते खरेही ठरले. पण ती बनावट रचना आणि ‘तुका म्हणे’ ही मुद्रा घेऊन आलेला एखादा उत्तरकालीन अभंग यांची नैतिक जात एकच नाही. तेथे नावाची चोरी आहे. येथे बहुधा नावाला शरण जाणे आहे. कीर्तनपरंपरेत मुद्रा ही स्वाक्षरी असते तशीच ती परंपरेतील प्रवेशाची खूणही असते. लेखक म्हणजे व्यक्ती नव्हे, तर प्रवचनाच्या व्यवहारातील एक कार्य, असे मिशेल फुकोने १९६९ साली मांडले. आपल्याकडे भजनी मंडळी हे कार्य फार पूर्वीपासून जाणत होती. मात्र याच मुद्रेच्या आडून कवीच्या तोंडी त्याच्याच भूमिकेला छेद देणारी मते घालता येतात. म्हणून वाचकाला स्तर कळलेच पाहिजेत. संपादकाने ते वगळू नयेत, दाखवावेत.

भाव्यांच्याच कार्याची दुसरी बाजू याहून अवघड आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या लेखनाचे दार उघडले आणि मराठी गद्याचा इतिहासच बदलला. गाथेच्या बाबतीत जो संपादक दार अरुंद करतो, तोच येथे ते सताड उघडतो. दोन्हीकडे प्रेरणा एकच: सत्य पाठ लोकांपुढे यावा. मात्र गाथेत ज्यांच्यापासून काही काढले जाते ते गाणारे आहेत, आणि येथे ज्यांचे गुपित उघड होते ते जपणारे आहेत.

येथे जतन आणि प्रकाशन यांत भेद केला पाहिजे. नाश अपरिवर्तनीय असतो. म्हणून देमनीने कविता जाळल्या नाहीत हे समर्थनीय ठरते. परंतु प्रकाशनही तितकेच अपरिवर्तनीय आहे, उघड झालेले पुन्हा झाकता येत नाही. तेव्हा जतनाचे समर्थन प्रकाशनाला आपोआप लागू होत नाही. त्याला स्वतंत्र कारण द्यावे लागते. महानुभाव वाङ्मयाच्या बाबतीत ते कारण पंथाच्या आरंभीच्या भूमिकेतच सापडते. सामान्य स्त्रीपुरुष वंचित राहू नयेत म्हणून नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला होता. सांकेतिक लिपी नंतरची. संपादक तेथे परक्याच्या अधिकाराने नव्हे, तर त्याच परंपरेतील एका तत्त्वाचा पक्ष घेऊन उभा राहू शकतो. पण हा पक्ष घेताना ज्यांनी शतकानुशतके ग्रंथ जपले त्यांना केवळ हस्तलिखितांचे रखवालदार मानणे अन्यायाचे होईल. अर्थनिर्णयात त्यांचा वाटा मानावाच लागेल.

संपादकाची निष्ठा केवळ कवीच्या इच्छेशी असू शकत नाही, कारण ती बहुधा अज्ञात किंवा बदलती असते. सोळाव्या वर्षी कविता जाळायला सांगणारा आणि त्या कविता लिहिणारा, यांपैकी कोणता रँबो प्रमाण? ती केवळ समूहाच्या मालकीशीही असू शकत नाही. ती आपल्या निर्णयाच्या पुराव्याशी असते. कोणती वही, कोणाची, तिच्यात काय आहे व काय नाही, हे सांगून त्याने बाजूला व्हावे. या दृष्टीने पाहता भाव्यांनी संताजींच्या वह्या स्वतंत्रपणे छापल्या हे त्यांचे मोठे ऋण आहे. त्यामुळेच त्यांचा दावा आपण तपासू शकतो. ‘अस्सल’ हा शब्द मात्र निवाडा म्हणून न वाचता साक्ष म्हणून वाचला पाहिजे. साक्षीची उलटतपासणी करता येते, आणि तिच्यामुळे दुसऱ्या साक्षीदाराचे तोंड बंद होत नाही.